तो सुळका कोणाचा?

मी जर्मेनियमचा स्फटिक बोलतोय. खरं तर ठोके देणं एवढंच माझं काम, पण त्या कामाने माझ्या डोक्याचा पार भुगा केलाय.

मला वितळवून वितळवून इतकं शुद्ध केलं, की अंगात परकं असं जवळजवळ काही उरलं नाही. मग एका डब्यात बंद करून या प्रयोगशाळेत आणलं. इथले तंत्रज्ञ काका रोज सकाळी माझ्या टाकीत द्रवरूप नायट्रोजन ओततात आणि म्हणतात, "घे बाबा, डोकं थंड ठेव." थंड नसलो की मी वाटेल ते बरळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

माझ्यासमोर एक पातळ पट्टी असते. न्यूट्रॉन ठासून भरलेली अणुकेंद्रकं वेगाने येऊन तिच्यात रुततात आणि पापणी लवायच्या आत मोडतात. त्यातून निघालेला किरण माझ्यावर आदळला, की मी विजेचा ठोका देतो. एकाच ताकदीचे ठोके पुन्हा पुन्हा पडले, की पडद्यावर सुळका उभा राहतो. त्या सुळक्यांवरून केंद्रकाची आतली रचना कळते म्हणे. मी मात्र आजवर एकही केंद्रक पाहिलेलं नाही.

इथे संशोधन करणारी ताई चार वर्षं अशा एकाच केंद्रकाच्या मागे होती. ही केंद्रकं वेगाने सोडणारं मोठं यंत्र तिच्या वाट्याला यायचं वर्षातून पाच दिवस. यंदा तिसऱ्याच दिवशी त्या केंद्रकाच्या नावावर कुठेही नोंद नसलेला एक सुळका वर आला. ताईने तिथूनच फोन लावला, "आई, सापडलं गं! आता प्रबंध संपलाच समज." तिच्या मार्गदर्शक सरांनी तर लगेच शोधनिबंध लिहायला घेतला.

मीही फुशारलो. पण मनात काहीतरी टोचत होतं. त्या ठोक्यांच्या वेळी आधी कोणीतरी ढकलल्यासारखं व्हायचं. किरण असा ढकलत नाही. मग आवाज बाहेरून आला, की मीच ओरडलो? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तर नाही ना झालं? विचारणार कोणाला?

निबंध पाठवायच्या दोन दिवस आधी ताई पडद्यापुढे थबकली. "काका, या सुळक्याची उजवी बाजू घसरल्यासारखी दिसतेय का हो?"

"दिसतेय खरी. बाकीचे कसे ताठ उभे आहेत."

दुसऱ्या दिवशी यंत्र बंद असताना तिने पट्टी काढली आणि माझ्यापुढे न्यूट्रॉन सोडणारी एक कुपी ठेवली. तिचं ते केंद्रक आसपासही नव्हतं. दुपारपर्यंत तोच सुळका, त्याच जागी, तसाच घसरलेला.

"सर, निबंध पाठवू नका," ताई म्हणाली. "न्यूट्रॉन या स्फटिकाला धडकतात आणि किरण याच्याच अणूंतून निघतो. धडकेचा जोर त्या ठोक्यात मिसळतो, म्हणून सुळका घसरतो."

सरांनी लिहिलेला निबंध बाजूला सारला. मग म्हणाले, "काखेत कळसा नि गावाला वळसा. पण हे न्यूट्रॉन आले कुठून?"

"केंद्रकातूनच. मोडताना सांडलेले."

"मग किती सांडतात ते मोज. वर्ष जाईल आणखी एक."

ताई हो म्हणाली. नंतर जिन्यात बसून रडली, असं काकांनी नायट्रोजन ओतताना मला सांगितलं. मला फार वाईट वाटलं. पण मी खोटं बोललो होतो का? तेही कळेना.

ते वर्षही सरलं. प्रबंध झाला. आभारात आई आहे, सर आहेत, काका आहेत. मी आहे त्र्याहत्तराव्या पानावर, 'चुकांची कारणे' या मथळ्याखाली. याचा आनंद मानावा की राग, सांगा बरं!

न्यूट्रॉनच्या माराने आता माझे सगळेच सुळके पसरट येतात. उद्या मला डब्यासकट तापवणार आहेत, काही दिवस. काही स्फटिक त्याने बरे होतात, काही नाही होत. आज ताई येऊन गेली. डब्यावर हात ठेवून म्हणाली, "बरा होऊन ये."

निदान मला तसं ऐकू आलं. तो आवाज तिचा होता की माझाच, हे मात्र कृपा करून कोणी तपासू नका.