सात नंबरच्या ताई

अपंगांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर कागद होता: दुरुस्ती चालू आहे. हेरानने तो दोनदा वाचला. सोलहून गावी जाताना ती मागच्या सीटवर एकटी बसायची, महामार्गावरच्या या थांब्याला उतरायची आणि या खोलीतून दोंगगिल, घरच्यांचा मुलगा, होऊन बाहेर पडायची. ड्रायव्हर फक्त डोकी मोजायचा, आकडा जुळायचा.

आज बस भरलेली होती. शेजारच्या आजी तिच्याच गावाकडच्या निघाल्या.

"कुणाची गं तू?" त्यांनी बसमध्येच विचारलं होतं.

"मैत्रिणीकडे चाललेय, आजी."

"आज ग्वाक मास्तरांचं वर्षश्राद्ध. मोठा मुलगा येणार म्हणतात, वडिलांच्या नावाने दारूचा पेला त्यानेच वाहायचा ना."

हेरानने मान हलवली होती. तो मुलगा तीच होती. काका स्टँडवर न्यायला येणार होते, त्यामुळे कपडे इथेच बदलायला हवे होते.

ती बायकांच्या आणि पुरुषांच्या दारांच्या मध्ये उभी राहिली. कुठल्याही दाराने एकदा तरी चुकीच्या वेषात दिसणं भाग होतं. आत जाताना की बाहेर येताना, एवढंच ठरवायचं होतं. ती स्कर्टनिशी पुरुषांच्या दारातून आत गेली.

"ओ बाई, बायकांचं पलीकडे."

"असू दे रे. तिकडची रांग बघितलीस का?"

कुणीतरी हसलं. तिने कडी लावली. केसांचा टोप काढला, ओठ पुसले, पँट चढवली. हात सवयीने चालत होते. भीती वाटेल असं तिला वाटलं होतं. तीही वाटली नाही.

बसच्या दाराशी आजी उभ्या होत्या. हातात अक्रोडाच्या गरम केकची पिशवी.

"ड्रायव्हरबाबा, गाडी हलवायची नाही. माझ्या शेजारची पोरगी आली नाही अजून. बायकांकडचं एकेक दार वाजवून आले."

"आजी, तुम्ही आणि हे दादा धरून मोजणी बरोबर आहे."

"मोजणी घाला चुलीत. पोरगी कुठेय?"

हेरान पायरी चढून सीटवर बसली. ड्रायव्हर मागोमाग आला.

"दादा, ही सात नंबरच्या ताईंची जागा. तुमची बस कुठली?"

"पोलिसांना लावा फोन," आजी खालून म्हणाल्या. "एकटी पोर, काय झालं असेल कुणास ठाऊक."

ड्रायव्हरने फोन काढला. गप्प राहिलं तर पोलीस येणार. बोललं तर रात्रीपर्यंत गावाला कळणार. हेरान उठून खाली उतरली आणि आजींच्या कानाशी वाकली.

"आजी, ती मीच. ग्वाक मास्तरांचा मुलगाही मीच."

आजी तिच्याकडे पाहत राहिल्या, चेहऱ्याकडे, मग पायांतल्या पांढऱ्या बुटांकडे. बूट तेवढे तेच होते.

"चला," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "आली ती."

पुढचा सगळा रस्ता त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. एकदाच म्हणाल्या, "डोळ्याच्या कोपऱ्यात काळं राहिलंय." हेरानने पुसलं.

स्टँडवर काका होते. "दोंगगिल, किती वाळलास रे." त्यांनी आजींना वाकून नमस्कार केला. "गाडीत भेट झाली वाटतं तुमची?"

"नाही," आजी म्हणाल्या. "माझ्या शेजारी कोणी मुलगी होती." आणि गाठोडं उचलून चालू लागल्या.

ही माया होती की किळस, हेरानला कळलं नाही, आणि ते शोधून काढायची ताकदही उरली नव्हती. बसमध्ये चढताना आजींनी धरायला दिलेली केकची पिशवी हेरानच्याच हातात राहिली होती. पिशवीत काय आहे असं काकांनी विचारलं म्हणून तिने एक त्यांना दिला, एक स्वतः खाल्ला. तो गार झाला होता.