बाळसाठी धरलेली जागा

नौपाड्यातल्या त्या हॉलमध्ये नाटकं व्हायची, हळदीकुंकवं व्हायची आणि वर्षातून दोनदा, रविवारी दुपारी चारला, 'थंडर' नावाच्या रॉक बँडचा कानठळ्या बसवणारा कार्यक्रम व्हायचा. पोरं चारही ठाण्याचीच, केस मात्र विलायती. चेंदणी कोळीवाड्यातला गुणाजी ब्याऐंशी सालापासून या बँडच्या नादी लागलेला. बाप मासेमारीतला, हा कारखान्यात फिटर, आणि डोक्यात सदा इलेक्ट्रिक गिटार. कोळीवाडा त्याची यथेच्छ टर उडवायचा. त्याला त्याचं काही नसे, कारण सोबतीला बाळ होता.

बाळ नौपाड्यातला, बँकेत कारकून. दोघांच्या खुर्च्या ठरलेल्या: बाल्कनीची पहिली रांग, कडेच्या दोन. जो आधी पोचेल त्याने दुसऱ्याच्या खुर्चीच्या हाताला रुमाल बांधून ठेवायचा. एकदा रुमाल बांधला की त्या जागेवर दुसरं कोणी बसत नसे. आवडीचं गाणं संपलं की बाळ बेंबीच्या देठापासून 'वन्स मोअर' ओरडायचा.

एकोणनव्वद साली बाळ काविळीने गेला. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. थोरला भाऊ म्हणाला, आईला सांभाळीन. मग म्हणाला, बहिणीचं, सुमतीचं लग्न थाटात लावून देईन. कावळे झाडावरून माना वाकड्या करून बघत राहिले. ऊन चढलं, भटजी सारखे घड्याळ पाहू लागले. शेवटी गुणाजी पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "बाळ, दर शोला तुझी शीट मी धरीन. शब्द देतो."

तत्काळ एक कावळा खाली उतरला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. असा शब्द देताना त्याला काही मुदत घालायची असते, हे या शहाण्याला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या शोला त्याने दोन तिकिटं काढली आणि शेजारच्या खुर्चीला रुमाल बांधला. त्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक खटकन वर जायची. हॉलमधले दिवे मालवले आणि बाळच्या खुर्चीची बैठक हळूहळू खाली आली, ती तीन तास खालीच राहिली. तिसरं गाणं संपलं तेव्हा गुणाजीच्या कानाशी 'वन्स मोअर' आलं. गायकाने मान लववून गाणं पुन्हा घेतलं. गुणाजीला दरदरून घाम फुटला, आणि खोटं कशाला सांगा, त्याला आनंदही झाला. निघताना त्याने बैठकीवर हात ठेवला. ती कोमट होती.

अशी आठ वर्षं गेली. सत्याण्णव साली बँडने शेवटचा कार्यक्रम जाहीर केला. तिकिटं हातोहात संपली, गुणाजीला जेमतेम दोन मिळाली. त्याची बायको आवडाबाई दर वेळी मागे लागायची आणि तो दर वेळी टोलवायचा. या खेपेला ती हटली नाही.

"मना पन न्या ना," ती म्हणाली. "माझे मानसाचा जीव जया रमतो, ती जागा मना एकदा बगाची हाय."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मेलेल्याला दिलेला शब्द पाळायचा की जित्या बायकोचं मन राखायचं, या विचाराने आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नाही. शेवटी रविवारी त्याने रुमाल खिशातच ठेवला आणि आवडाबाईला बाळच्या खुर्चीवर बसवलं.

ती लहान मुलीसारखी खूश झाली. गुणाजीही सुखावला. मग त्याला बाजूच्या भिंतीशी कोणी उभं दिसलं. पांढरा शर्ट तेवढा ओळखू येत होता. डोअरकीपर काळुराम टॉर्च घेऊन गेला, तेव्हा उजेड शर्टातून आरपार भिंतीवर पडला. बाळ रागावलेला नव्हता. उभं राहून दमलेला माणूस करतो तसा नुसता पाय बदलत होता. गुणाजीला ते बघवेना. रागावला असता तर परवडलं असतं.

तो उठला. "बस," तो पुटपुटला, "माझ्या जागेवर बस." आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

त्याच्या खुर्चीची बैठक खाली गेली. गाणं संपलं आणि तिथून 'वन्स मोअर' उठलं. आवडाबाई तिकडे वळून हसली. "अवो, केवढ्यांदा वरडता," म्हणाली, आणि तिने शेजारच्या हातावर हात ठेवला.

काळुराम पुन्हा आला. टॉर्चचा उजेड गुणाजीच्या छातीवर थांबला नाही, मागच्या भिंतीवर पडला. गुणाजीने त्याला हाक मारली. तो ऐकू न आल्यासारखा पुढे गेला.

सातला दिवे लागले. गुणाजीच्या खुर्चीतून गुणाजीच उठला. तोच चेहरा, आवडाबाईने सकाळी इस्त्री केलेला तोच चौकड्यांचा शर्ट. चाल तेवढी बाळची होती. आवडाबाईने त्याचा दंड धरला आणि दोघं जिन्याकडे निघाली.

"आवडे," भिंतीपासून गुणाजी जीव खाऊन ओरडला.

ती थबकली, मागे वळली. तिची नजर त्याच्यावरून तशीच पुढे सरकली. "कोन हाक मारतंय मना?"

"कोणी नाही गं," शेजारचा माणूस नौपाड्यातल्या स्वच्छ मराठीत म्हणाला. "चल घरी." आणि ती त्याच्याबरोबर जिना उतरू लागली.