पत्त्यांना चिठ्ठ्या लावणारा मी

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिवा लावायचा नव्हे हो! तो भिंतीवर मजेत बसतो आणि कुणी टिचकी मारली तरच काम करतो. मी डेटा सेंटरमधला, अंगभर केबल खुपसून लोखंडी रॅकमध्ये उभा राहणारा. माझा एक पंखा खुरखुरतो, तेव्हा बोलताबोलता दम लागला तर सांभाळून घ्या.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती अंगात पहिल्यांदा खेळलेली वीज, आणि त्या गारठलेल्या खोलीत स्वेटर घालून माझ्यासमोर मांडी ठोकून बसलेली ताई. ती इथली नेटवर्क इंजिनिअर, तेव्हा माझ्याइतकीच नवी. "आता शहाण्यासारखं वाग हं बाळा," ती म्हणाली. कुणाला? मला! त्या थंडीत तेवढीच काय ती ऊब.

माझं काम दवंडी पिटायचं. माझ्या पदरी एखादा सर्व्हर आला की मी इमारतीतल्या सगळ्या स्विचना ओरडून सांगायचो, "अमुक पत्ता माझ्याकडे राहतो, त्याचं टपाल इकडे पाठवा रे!" या दवंडीला होस्ट रूट म्हणतात. पण सगळ्याच दवंड्या इमारतीबाहेर सोडल्या तर बाहेरच्यांनी इतके पत्ते ठेवायचे कुठे? म्हणून ज्या मोजक्या पत्त्यांशी बाहेरच्यांचं काम असतं, त्यांच्या दवंडीला मी एक चिठ्ठी लावायचो: 'बाहेर जाऊ द्या'. आमच्या धंद्यात तिला कम्युनिटी म्हणतात. दारावर माझा थोरला भाऊ बसतो, तोही स्विचच. चिठ्ठी असली की सोडतो, नसली की अडवतो. ओळखपाळख नाही, दयामाया नाही.

चिठ्ठीच्या मोजक्या मानकऱ्यांत एक पत्ता रुग्णवाहिकांच्या सर्व्हरचा होता. कुठली गाडी कुठे आहे हे त्या सर्व्हरला कळायचं, आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक मावशी ते पडद्यावर बघून गाड्या पाठवायच्या. मी मावशींना कधी पाहिलं नाही. पण त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं चिठ्ठ्या मात्र लावल्या.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! पाहुणे आले की साहेब मला दाखवायचे. मग सवय झाली. जो कधी बिघडत नाही त्याच्याकडे कोण बघतं? धूळ बसली, पंखा कुरकुरू लागला. ट्रॉलीवाले काका तेवढे येताजाता फडकं मारायचे. आणि एक दिवस शेजारच्या रॅकमध्ये चकचकीत नवा स्विच आला. सगळे त्याला नवरदेव म्हणू लागले. माझ्या कपाळावर लाल कागद चिकटला: 'भंगार'. अहो, अजून वीज चालू होती माझी!

माझ्याकडचे सर्व्हर नवरदेवाकडे गेले. ते सॉफ्टवेअरचे असतात, हमाल लागत नाही. ताईच्या बोटासरशी घर बदलतात.

"झालं?" साहेबांनी विचारलं. हे त्यांचं पालुपद, म्हणून मागे सगळे त्यांना झालंसाहेब म्हणतात.

"सगळे सर्व्हर उत्तर देताहेत," ताई पडद्याकडे बघत म्हणाली.

"झालं तर मग! चला, चहा."

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"अगं, माझ्या पडद्यावर एकही गाडी दिसत नाहीये!" मावशींचा आवाज.

"मावशी, इथून तर सगळं छान दिसतंय."

"तू तिथे बसून बघतेस गं! मी इथे बसलेय! एका पोरीला कळा सुरू झाल्यात, घरात एकटी आहे. जवळची गाडी कुठली, हे मी काय पंचांग बघून ओळखू?"

"त्यांना कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांग," साहेब पुटपुटले.

मला दिसत होतं, मित्रांनो! नवरदेवाने दवंडी खणखणीत पिटली होती, पण चिठ्ठी लावली नव्हती. भावाने ती दाराशीच अडवली होती. पण मला कुठे तोंड आहे?

ताईचा चेहरा उतरला. "साहेब, तो सर्व्हर मी परत म्हाताऱ्याकडे आणते."

"त्या भंगाराकडे?"

"कालपर्यंत याच भंगाराकडे चालत होता ना?"

आणि तो पत्ता माझ्या पदरी परत आला. पंखा घरघरत होता. मी दवंडी पिटली, सवयीने चिठ्ठी लावली. भावाने वाचली आणि सोडली.

"दिसल्या गं! सगळ्या दिसल्या! थांब, आता डोकं खाऊ नकोस!" फोन कट.

कुणी चहाला गेलं नाही. बऱ्याच वेळाने मावशींचाच फोन आला. "गाडी वेळेत पोचली. मुलगी झालीय. भोंगा आहे नुसता!"

ताईने माझ्या तापलेल्या पाठीवर हात ठेवला. "चिठ्ठी! नवरदेवाला चिठ्ठी शिकवायचीच राहिली. आणि आपण सगळ्यांनी तपासलं ते आत बसून."

मग तिने त्याला शिकवलं. सर्व्हर पुन्हा हलवला आणि आधी फोन लावला. "मावशी, तुम्ही सांगा. झालं का?"

"झालं," मावशी म्हणाल्या. साहेबांनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

मित्रांनो, जुन्याला बाजूला सारताना तो गुपचूप काय काय करत होता, ते एकदा विचारा. आणि काम नीट झालं का, ते दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला विचारा.

संध्याकाळी काका ट्रॉली घेऊन आले. तेही माझ्या भावासारखेच, कागद वाचतात आणि उचलतात. पण ताईने लाल कागद खरवडून दुसरा चिकटवला होता. काकांनी चष्मा वर करून तो वाचला, मला फडकं मारलं आणि रिकामी ट्रॉली घेऊन गेले.

आता मी ताईच्या टेबलाखाली असतो. नव्याने कामाला लागलेल्यांना ती माझ्यावर चिठ्ठ्या लावायला शिकवते. खरं सांगू? फार थकलोय. पण जन्मभर दुसऱ्यांना 'बाहेर जाऊ द्या'च्या चिठ्ठ्या लावल्या, आणि माझ्या कपाळावर ताईच्या अक्षरात लिहिलंय: 'बाहेर जाऊ देऊ नये'.