बॅग गेली, कपाट राहिलं

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट आहे आणि स्वभावाने जळकुकडं आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

कारखान्यात पत्रा वाकवून, त्यावर रंगाचे दोन हात चढवून मला घडवलं. या घरातल्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे आताच्या सासूबाईंनी, मला पसंत केलं. माझ्या पोटात एक चोरकप्पा आहे. त्याला वेगळं कुलूप आणि दोन किल्ल्या. एक हरवली तर दुसरी असावी म्हणून दोन देतात, पण सासूबाईंची शिस्त निराळी. एकही हरवू नये म्हणून त्यांनी दोन्ही एकाच कडीत ओवल्या. सून रोज माझ्यावरून फडकं फिरवायची, आलेगेले माझं कौतुक करायचे. दोन वर्षं माझा मोठा थाट होता.

मग ती बॅग आली. निळी, चाकांची. मुलाला परदेशात नोकरी लागली होती. आठवडाभर ती माझ्या डोक्यावर चढून बसली आणि एका सकाळी माझ्यातले चांगले शर्ट गिळून निघून गेली. किल्ल्यांची कडीही मुलाच्या खिशातून गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती विमानात बसणार आणि मी इथे जुन्या रजया सांभाळणार!

"सहा महिन्यांत तुला नेतो," मुलगा सुनेला म्हणाला होता. त्याला चार वर्षं झाली.

एका रविवारी सासूबाई त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या. सून मागे उभी होती. त्याच्या खोलीत ती बॅग दिसली. उघडी होती, आणि तिच्यात एका बाईचे कपडे होते. खोटं कशाला बोलू, मला आधी बॅगेचाच राग आला. तिला भरून घ्यायला नवे कपडे मिळत होते.

"कोणाचे कपडे आहेत ते?" सुनेने विचारलं.

मुलाने दडवलं नाही. "आता माझं घर इथेच आहे," तो म्हणाला.

सून वकीलबाईंकडे जाऊन आली. घटस्फोटाचा अर्ज इथे करता येईल, पण लग्नाचा दाखला हवा आणि नवऱ्याचा तिकडचा नेमका पत्ता हवा, असं त्यांनी सांगितलं. नोटीस त्याच्या हातात पडली नाही तर नुसत्या तारखाच पडत राहणार. दाखला होता चोरकप्प्यात. नवा पत्ता मुलाने एकट्या आईला कळवला होता, तोही कुणाला न देण्याच्या बोलीवर. सुनेने किल्ली मागितली. तो "पाठवतो" म्हणाला. असे सहा महिने गेले.

सांगायला लाज वाटते, पण मी खुशीत होतो. सून दिवसातून दहादा माझ्यासमोर येऊन उभी राहायची. बॅगेकडे कोण इतकं बघतं?

एके दिवशी सासूबाईच किल्लीवाल्याला घेऊन आल्या.

"नवी किल्ली करायला वेळ लागेल," तो म्हणाला. "फोडलं तर पाच मिनिटांचं काम. पण कुलूप कामातून जाईल."

"फोडा."

"आई, अहो, तुमचं कपाट..." सून म्हणाली.

"कपाटाचं काय घेऊन बसलीस? तुझं वय चाललंय इथे."

हातोडा बसला, पत्रा वाकला, दाखला बाहेर आला. सासूबाईंनी चष्मा लावला आणि एका कागदावर मुलाचा पत्ता सावकाश लिहून सुनेच्या हातात दिला. आता वकीलबाईंची नोटीसही परदेशी जाणार म्हणून मला तिचाही हेवा वाटला.

दोन महिन्यांनी मुलाचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"नोटीस आलीये. हा पत्ता फक्त तुला माहीत होता, आई."

"हो, मीच दिला. आता वकील कर आणि तारखेला हजर राहा." त्यांनी फोन ठेवला. सून दारात उभी होती.

मित्रांनो, तेव्हापासून मला बॅगेचा हेवा वाटत नाही. सुनेचा वाटतो. माझ्या बाजूने ती अर्धं वाक्य बोलली होती. तिच्या बाजूने तिची सासू पोटच्या मुलाशी पुरतं बोलली. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल तर त्याच्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेल द्या. आणि एखादं माणूस असं मागे राहिलं असेल तर त्याच्या बाजूने बोलायला उशीर करू नका. आमच्या सासूबाईंनाही सहा महिने लागले.