खडीखालची पिल्लं

ऑफिसात तिला सगळे शंकाबाई म्हणत. बाळ शांत झोपलं तरी श्वास चालतोय ना म्हणून त्याच्या नाकाशी बोट धरणारी बाई. तिला दुसरं काय म्हणणार? पण नदीखात्यात शिंपल्यांची मोजणी तपासून सही करायचं काम तिच्याकडे होतं, आणि तपासणीला शंकेखोर माणूसच लागतो.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "पुलाखालच्या पट्ट्यात शिंपले एकशे बारा. सगळे म्हातारे. पिल्लू एकही नाही. करा सही."

सगळं त्या सहीवर अडलं होतं. पिल्लंच नाहीत म्हटल्यावर वस्ती मरणपंथाला लागलेली. मग म्हातारे उचलून टाकीत टाकायचे आणि पुलाच्या मजबुतीसाठी या काठापासून त्या काठापर्यंत काँक्रीट ओतायचं. या जातीचे शिंपले नदीत दुसरीकडे कुठेच उरले नव्हते.

"साहेब, खडी चाळली का?"

"काचेच्या बुडाची बादली पाण्यावर टेकवून बघितलं. नियमात तेवढंच आहे."

"पण पिल्लं पहिली चार-पाच वर्षं खडीत गाडूनच घेतात. पांघरूण न काढताच पाळणा रिकामा म्हणायचं का?"

"बाई, तुम्हाला घरीदारी बाळंच दिसतात. परवा दुपारपर्यंत सही हवी. आणि परवानगीशिवाय खडीला हात लावायचा नाही."

"मग द्या परवानगी."

"अर्ज करा. महिन्याभरात उत्तर येईल."

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि चाळणी, मोजपट्टी, बाळ आणि सासूबाई असा सगळा लवाजमा घेऊन पूल गाठला.

पाणी इतकं गार, की पहिल्या दहा मिनिटांतच बोटं परक्याची वाटायला लागली. ओंजळभर खडी काढायची, चाळायची, एकेक खडा उलटून बघायचा, जिथली तिथं परत ठेवायची. मध्येच मान वर करून ती काठाकडे बघे.

"इकडे काय बघतेस? नातू माझ्या मांडीवर आहे, नदीत नाही," सासूबाई ओरडल्या. "तोंडात काही घातलेलं नाही त्यानं. मीही नाही, सकाळपासून!"

"डब्यात आहे ना, आई, खाऊन घ्या."

"घेईन. पण तुझा साहेब खवळला तर?"

"खवळू दे."

"बघ हो. लग्नाला सहा वर्षं झाली, तुझ्या तोंडून 'खवळू दे' आज ऐकतेय पहिल्यांदा."

ऊन कलल्यावर चाळणीत एक खडा नसलेला खडा उरला. करंगळीच्या नखाहून लहान, पिवळसर, कडा अजून कागदासारखी पातळ. तिनं तो शिंपला मोजपट्टीला लावून मोजला, फोटो काढला, होता तेवढ्याच खोल परत ठेवला. निघेपर्यंत आणखी दोन सापडले.

तिसऱ्या दिवशी तिनं कागदावरचं 'एकही नाही' खोडून शेजारी 'तीन, जिवंत' लिहिलं आणि फोटोंसकट तो साहेबांपुढे ठेवला.

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "परवानगी नसताना खणलंत? आत्ता मेमो देतो!" त्यांनी टायपिस्टबाईंना बोलावून मजकूर सांगायला सुरुवात केली. "सदर कर्मचारी, रजेवर असताना, विनापरवाना, पुलाखालच्या पट्ट्यात, खडी उपसून, संरक्षित शिंपल्यांची पिल्लं बाहेर काढताना..."

टायपिस्टबाईंची बोटं थांबली. "पिल्लं किती लिहू, साहेब?"

नोकरी गेली तर काय काय जाईल, याची सगळी उजळणी शंकाबाईची रात्रीच झाली होती.

"तीन," ती म्हणाली. "सगळ्यात लहान सहा मिलिमीटर. जागाही घाला: दुसऱ्या खांबापासून चार पावलं, वरच्या अंगाला."

"थांबा," साहेब म्हणाले. "मेमो राहू द्या."

"राहू कशाला? द्या ना. खणल्याचं मी कबूल करते, लेखी. मेमो निघाला तरी पिल्लं कागदावर येतात, माझी दुरुस्ती राहिली तरी येतात. दोन्हीतला कुठला कागद पाठवायचा, तेवढं तुम्ही ठरवा."

"नोकरी घालवून बसाल, बाई."

"घालवा. पण कशापायी घालवली, ते त्यात लिहा."

आणि कुणी बस म्हटलं नसताना ती खुर्ची ओढून बसली.

साहेबांनी फोटो उलटेपालटे केले. मग दुरुस्तीचा कागद तिच्याकडे ढकलला. "करा सही. आणि निघा."

तिनं दुरुस्तीखाली तारीख घालून सही केली. उठली मात्र नाही. कागद फिरवून पेन त्यांच्यासमोर धरलं.

"आता तुमची, साहेब."