मागच्या सीटवरची मनकवडी

नात्यात, शेजारात, अगदी जिन्यात भेटणाऱ्या बायकांतसुद्धा तिला मनकवडी म्हणत. नवऱ्याच्या मनातलं तिला न सांगता कळतं अशी तिची ख्याती होती. आणि नवरा तर असा, की त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे पक्कड लागावी. जन्मभर लेथवर लोखंड कातलेला टर्नर. मशीनच्या आवाजात बोलून काही उपयोग नसतो, म्हणून न बोलायची सवय लागली, असं तो सांगायचा. म्हणजे एकदा सांगितलं होतं.

अशा माणसाच्या नव्या शर्टाची कॉलर मानेला काचते, हे तिला कळायचं. रविवारी दोघं गाडीवरून फिरून यायची आणि सोमवारी त्याला कॉलर उसवून मऊ केलेली मिळायची. मुलीच्या घरी दोन दिवस झाले की तो जावयाच्या सोफ्यावर अवघडून बसायचा. तेवढ्यात हीच म्हणायची, "मला बाई आता घरची ओढ लागली." तो तिच्याकडे असा बघायचा, जसा काही बुडणाऱ्याला कुणी दोर टाकलाय.

"तुला कसं कळतं गं?" तो विचारायचा.

"संसार केलाय तुमच्याबरोबर. गोट्या नाही खेळले."

खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

त्यांच्याकडे लांबच्या प्रवासाची एक जुनी मोटरसायकल होती. म्हशीएवढी. मागची सीट आरामखुर्चीसारखी, दोन्ही बाजूंना हात टेकायला गाद्या, पुढे वारा अडवणारं मोठं कवच, त्यात रेडिओ आणि कॅसेटचा सेट. टर्नरने ती मोडकळीला आलेली घेतली आणि न मिळणारे भाग स्वतः कातून बसवले. त्या सेटमध्येच एक सोय होती. दोघांच्या हेल्मेटमध्ये तोंडाशी माइक, कानाशी बटाट्याच्या चकतीएवढे स्पीकर. गुंडाळीची वायर गाडीला जोडली की पुढच्या-मागच्याला एकमेकांशी बोलता यायचं.

गाडी घेतल्यावर काही वर्षांनी एका प्रवासात टर्नरच्या कानातला आवाज गेला. तो म्हणाला, "हॅलो. ऐकू येतंय का?" ती म्हणाली, "येतंय की." त्याला काहीच ऐकू आलं नाही. त्याने दोनतीनदा हॅलो केलं आणि गप्प झाला. तिला वाटलं, थांबल्यावर सांगू.

पण थांबायच्या आधी ते छापखान्याचं गाव लागलं.

त्या गावात एक मोठा छापखाना होता. मनकवडी तेव्हा शहरातल्या दुसऱ्या एका छापखान्याच्या बांधणीखात्यात काम करायची, पुस्तकं शिवायची, पाठ चिकटवायची. या गावातल्या छापखान्याच्या मालकाला तिच्या हाताखाली अख्खं बांधणीखातं द्यायचं होतं. या प्रवासाच्या बऱ्याच आधी तो रस्त्यात टर्नरला भेटला होता आणि म्हणाला, बाईंना विचारा. टर्नर म्हणाला, "ती नाही येणार." तिला न विचारताच. तिला हे फार उशिरा, तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तिने भांडण केलं नाही. नुसती त्या आठवड्यात सगळी भांडी जोरात ठेवली.

तर त्या दिवशी छापखान्याची पाटी मागे पडली, गाडी जरा हळू झाली, आणि तिच्या कानात आवाज आला, "चुकलंच माझं. विचारायला हवं होतं हिला." मग बराच वेळ नुसता श्वास. मग, "राग आहे का अजून?"

तो तिला विचारतच नव्हता. तो वाऱ्याला विचारत होता.

पुढे चहाला थांबल्यावर तो म्हणाला, "ते बोलायचं बंद पडलं ना?"

तिने चष्म्याची काच पदराने पुसली. पुसून झाली तरी पुसत राहिली. "हो," ती म्हणाली, "बंदच दिसतंय."

"खोलून बघतो घरी गेल्यावर."

"कशाला? एक करायला जाल, दुसरं बिघडेल."

तेव्हापासून खांद्याची खूण ठरली. तिने एकदा थोपटलं की थांबा, दोनदा थोपटलं की ठीक आहे. आणि दर वेळी निघताना ती आपली वायर खोचायची आणि त्याचीही खोचायची. "बंद आहे ते, कशाला लावतेस?" तो म्हणायचा. "लोंबकळत राहते. चाकात जाईल एखाद्या दिवशी," ती म्हणायची.

मग टर्नर बोलायचा. रस्ता मोकळा झाला, की त्याचं डोकं किंचित हलायला लागायचं आणि तिच्या कानात तो सुरू व्हायचा. बेसूर गायचा. मेलेल्या मोठ्या भावाशी भांडायचा, मग त्याची समजूत काढायचा. मुलीला सासरी पोचवून परतताना अर्धा रस्ता स्वतःलाच दटावत होता, "रडतोस काय, गाढवा, समोर बघ." कॉलर, गुडघा, जावयाचा सोफा, सगळं तिथेच निघायचं. तिच्या घोरण्याबद्दल आणि तिच्या धाकट्या बहिणीबद्दलही बरंच निघायचं, ते ती प्रवासखर्च समजून ऐकून घ्यायची. आणि छापखान्याचं गाव आलं की गाडी हळू व्हायची. "राग आहे का अजून?"

सुरुवातीची वर्षं ती आपल्या माइकमध्ये म्हणायची, "आहे." पुढे म्हणायला लागली, "थोडा." मग कधीतरी "नाही हो." तिन्ही उत्तरं त्या तुटक्या तारेत कुठेतरी अडकून राहिली.

टर्नर निवृत्त झाला तेव्हा मुलीचा फोन आला. "आई, यांनी बाबांच्या गाडीसाठी नवीन साउंड सिस्टीम पाठवलीय. ब्लूटूथ, अँप्लिफायर, चार स्पीकर. जुना डबा काढून टाकायचा."

"आहे तो वाजतोय की."

"वाजत नाही, खोकतो. बाबांना विचार."

बाबा खोकी उघडून बसले होते. एकेक स्पीकर हातात घेऊन त्याची कड बोटाने तपासत होते. जावयाने दिलेली वस्तू नाकारता येत नाही, आणि आवडली असेल तर मुळीच येत नाही.

"जुना बरा होता," ती म्हणाली.

"तुलाच ऐकू यायची नाहीत ना गाणी मागे," तो म्हणाला. "नेहमी म्हणायचीस, नुसती खरखर येते."

म्हणायची खरी. गाणं लावू नये, त्याने बोलावं, म्हणून म्हणायची. आता ते कुठल्या तोंडाने सांगणार?

गाड्यांचं वायरिंग करणारा एक माणूस होता, छापखान्याच्या गावाच्याही पुढे. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण तो हळू बोलू शकत नसे. त्याच्या शेडमध्ये पत्र्याच्या भिंतीवर जुने हॉर्न टांगलेले होते आणि जमिनीवर वायरींची टोकं विखुरलेली. त्याने गाडीचं कवच उतरवलं, आतली जुनी वायरिंगची जुडी बाहेर ओढली आणि म्हणाला, "काका, हे सगळं काढतो. नव्या सेटला ही हेल्मेटची बोलायची भानगड लागत नाही."

"ती राहू दे," मनकवडी म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघायला लागले.

"अगं बंद आहे ती," टर्नर म्हणाला.

"असू दे. जुनी आहे."

"जुना तर मीपण आहे."

"तुम्हाला काढलंय का?"

भोंगा खदखदून हसला. त्याला काकू आवडल्या. आणि आवडल्या म्हणूनच त्याने मन लावून काम करायचं ठरवलं. "बंद म्हणजे कुठे बंद? थांबा, बघून सांगतो. काका, तुम्ही काकूंचं हेल्मेट घाला. मी तुमचं घालतो."

"राहू द्या हो, कशाला," ती म्हणाली. पण भोंग्याच्या पुढे कुणाचं काय ऐकू जाणार?

टर्नरने तिचं हेल्मेट डोक्यात घातलं. ते त्याला घट्ट होत होतं, तिची केसांची पिन आत राहिलेली होती, ती त्याने काढून खिशात टाकली. तो मागच्या सीटवर बसला. तिथे तो आयुष्यात पहिल्यांदाच बसत होता. भोंग्याने गाडीच्या पुढे उभं राहून दोन्ही हेल्मेटच्या वायरी खोचल्या, गाडीकडे पाठ केली आणि, त्याला जमेल तितकं हळू, माइकमध्ये काहीतरी पुटपुटला. मग वळून बघायला लागला.

टर्नर तसाच बसला होता.

"बंदच असेल मग," भोंगा हेल्मेट काढत म्हणाला. "मी म्हटलं, काका, ऐकू आलं तर डावा हात वर करा."

टर्नरचा डावा हात सावकाश वर गेला. शाळेतल्या मुलाचा जातो तसा, खात्री नसलेला. मनकवडीने तो हात बघितला आणि ती शेडच्या दाराकडे बघायला लागली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"चालू आहे की," भोंगा खूश झाला. त्याने जुडी चाचपून एक तुटलेलं टोक वर काढलं. "तुमच्या कानाची तेवढी तार तुटलीय, काका. तुम्ही बोललेलं सगळं मागे जातंय, मागचं पुढे येत नाही. नशीबवान आहात. माझ्याकडे बरोबर उलटं आहे."

टर्नरने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "कधीपासून?" त्याने विचारलं. ते भोंग्याला नव्हतं.

"पहिल्यापासून," ती म्हणाली.

"छे, पहिल्यापासून नसणार, काकू," भोंगा म्हणाला. "कंपनीची तार अशी लगेच नाही तुटत. हँडल वळवून वळवून तुटलीय. दोन मिनिटांत जोडतो बघा. नव्या सेटला जोडीला ठेवू हीपण, थोडी खटपट करावी लागेल. दोन्हीकडून बोलता येईल."

टर्नरने त्या जुडीकडे बघितलं. लाल, निळ्या, पिवळ्या तारा, ठिकठिकाणी त्यानेच गुंडाळलेली चिकटपट्टी. ती वाट बघत होती. आत्ता बोलायची वेळ होती. ठेवा ती, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. जिला सगळं कळतं म्हणून लोक नावाजत, तिला तेवढे दोन शब्द सापडले नाहीत.

"नको," टर्नर म्हणाला. "काढून टाक."

परतताना गाणी वाजत होती. नवा सेट खरोखर सुरेख होता. सतारीच्या तारेवरून बोट घसरलेलं कळत होतं, गाणारीने कुठे श्वास घेतला तेही कळत होतं. छापखान्याच्या गावातून गाडी एकसारख्या वेगाने निघून गेली.

चहाच्या टपरीवर तो कप हातात घेऊन उभा राहिला.

"सगळं ऐकलंस?"

"हो."

"माझ्या भावाचं?"

"हो."

"पोरीला सासरी पोचवून आलो तेव्हाचं?"

तिने नुसती मान हलवली.

"आणि छापखान्याच्या गावातलं?"

"ते तर दर वेळी."

त्याने चहा एका घोटात संपवला. पोळला असणार. "मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते की. तुमचा कान बंद होता."

"गाडीवरून उतरल्यावर तर उघडा होता."

स्वतःशी बोलणाऱ्या माणसाला हाक मारू नये, तो दचकतो, असं काहीतरी ती म्हणाली. पण खरं ते नव्हतं. खरं हे, की सांगितलं असतं तर तो थांबला असता, आणि मग तिच्या वाट्याला घरातला टर्नर तेवढा उरला असता. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता लाजला होता. पन्नाशी उलटलेल्या बाईने नवऱ्याला असं लाजलेलं बघू नये.

"पिन," तो म्हणाला आणि खिशातून तिची केसांची पिन काढून तिच्या हातावर ठेवली.

पुढे संसार चालू राहिला, चालू राहायचाच असतो. एकदा मुलगी आली आणि जेवताना म्हणाली, "आई, बाबांना आमटी तिखट लागतेय, तुला कळत कसं नाही? तू तर मनकवडी."

"वय झालं गं माझं," ती म्हणाली.

टर्नरने खाली बघून जेवण संपवलं. त्याच्या मानेवर, कॉलरच्या कडेला, एक लाल रेघ होती. "काचतंय का?" तिने मागून विचारलं. "नाही," तो म्हणाला.

त्यानंतरच्या सुट्टीत ती दोघं मुलीला भेटायला निघाली. वायरी नव्हत्या, त्यामुळे निघताना खोचायलाही काही नव्हतं. तिला हात रिकामे वाटले. तिच्या हेल्मेटमध्ये माइकच्या जागी स्पंजचा एक तुकडा तेवढा राहिला होता. गाणी लागली. शहर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि तिने बघितलं, पुढचं हेल्मेट किंचित हलत होतं.

तिने नीट बघितलं. गाण्याच्या ठेक्याला ते जुळत नव्हतं. मधेच थांबत होतं, मधेच एका बाजूला झुकत होतं, कुणाला काही पटवून द्यावं तसं. टर्नर बोलत होता. आता मागे काही जात नाही, याची खात्री पटल्यावर तो पुन्हा बोलायला लागला होता.

छापखान्याची पाटी आली. गाडी हळू झाली.

"नाही हो," ती स्पंजच्या तुकड्यात म्हणाली. "कधीच गेला."

मग तिने हातगादीच्या शेजारी मागच्यासाठी बसवलेलं, आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं. गाणं बारीक होत होत गेलं. ती जमेल तेवढी पुढे वाकली, हेल्मेटला हेल्मेट टेकेल इतकी. वारा होता. इंजिन होतं. वाऱ्याच्या आत काहीतरी पुटपुट असल्यासारखी वाटली, तीही असेल-नसेल.

टर्नरच्या लक्षात आलं, की गाणं गेलं. त्याने डावा हात पुढे नेऊन सेटचा आवाज वाढवला, चांगला मोठा केला, आणि तोच हात मागे आणून कानाशी बोट नेत खूण केली. आता येतंय ना ऐकू?

तिने त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.