प्रेताला पान्हा

गोष्ट दीडशे वर्षं जुनी. एक जहागीरदार आपल्या मेलेल्या बायकोला काचेच्या पेटीत ठेवतो, रोज तिच्यासमोर बसून जेवतो, आणि एका रात्री ती उठते. एवढ्याशा गोष्टीवर किती जणांनी हात धुऊन घेतले! दोन सिनेमे निघाले, नृत्यनाट्य झालं, रेडिओवर श्रुतिका झाली, पोरांसाठी चित्रकथासुद्धा आली. सिनेमात ती सुळे काढून उठते, नृत्यनाट्यात गिरक्या घेत. का उठते, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

आता नाटक बसत होतं, आणि पेटीत आमची नटी होती. बाळंतपणानंतरचं तिचं पहिलंच काम. एकही वाक्य नाही, नुसतं निपचित पडून राहायचं. घरी पाठ टेकायला मिळत नव्हती, म्हणून मरणसुद्धा तिला माहेरपणासारखं वाटलं. पण मंडळी आडून बोलत होतीच, "आई झाली, आता संपली ती." त्यात दिग्दर्शकानं बजावलं होतं, "पापणी जरी हलली ना, तर दुसरी प्रेतं रांगेत उभी आहेत!" हे काम सुटलं, तर पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं.

रंगीत तालीम सुरू होती. मेकअपच्या खोलीत सासूबाई तिच्या तान्ह्याला घेऊन बसल्या होत्या. जहागीरदारांनी सूपचा पहिला घोट घेतला आणि खोलीतून बाळानं सूर लावला. आधी कुरकुर, मग भोकाड.

"अरे राजा, मेलीये ना तुझी आई! थोडं थांब की," सासूबाई समजूत घालत होत्या.

नटी मेलेलीच राहिली. पायाची बोटं आवळली, श्वास चोरला. पण दुधाला कुणी संहिता वाचायला दिली नव्हती. छातीत कळ आली, आणि पांढऱ्या रेशमावर दोन ओले डाग उमटले. बघता बघता बशीएवढे झाले.

जहागीरदारांचं वाक्य होतं, "प्रिये, तू किती थंड आहेस!" त्यांनी पेटीत पाहिलं आणि म्हणाले, "प्रिये, तू... तू पाझरतेयस."

"हे वाक्य कुठून आणलंत?" दिग्दर्शक खालून ओरडला.

तेवढ्यात बाळाचा रडता रडता श्वास अडकला. झालं! नटीनं काचेचं झाकण ढकललं आणि ती उठली. राखाडी तोंड, काळे ओठ, कुणाकडे बघणं नाही, टेबलाला धडक देत सरळ निघाली. जहागीरदार खुर्चीसकट उताणे झाले. महिनाभर घोटलेली किंकाळी बाजूलाच राहिली, तोंडातून निघालं ते बारीकसं "आई गं!"

ती परत आली ती बाळाला घेऊन. पडलेली खुर्ची सरळ केली आणि तिथेच पाजायला बसली. बाळानं त्या भयाण तोंडाकडे एकदा पाहिलं, ओळख पटली, आणि ते कामाला लागलं.

दिग्दर्शक तरातरा रंगमंचावर आला. "तुला उठायला कुणी सांगितलं?"

"ह्यानं."

"शेवटच्या प्रवेशात उठायचंय!"

"तेवढा धीर ह्याला कुठला, सर?"

"मग दुसरी बघू का मी?"

तिचा बाळाच्या पाठीवरचा हात थांबला नाही. "मूळ गोष्टीत तिला तान्हं मूल आहे, सर. वरच्या मजल्यावर ते रडतं, म्हणून ती उठते. एकच ओळ आहे."

"मूळ गोष्ट?" दिग्दर्शक चक्रावला. "मी दुसऱ्या सिनेमावरून लिहिलंय. त्यांनी पहिल्यावरून ढापलं. मूळ कोण वाचत बसतं?"

"पाजताना एक हात मोकळा असतो."

दिग्दर्शक म्हणाला, "अगं, पण मुलासाठी उठते म्हटल्यावर लोक घाबरतील कशाला? डोळे पुसतील."

"मी घाबरलो ना!" जहागीरदार जमिनीवरूनच बोलले. "मध्ये आलो असतो तर तुडवून गेली असती ही बाई."

"अडवून तर बघा म्हणावं," सासूबाई विंगेतून म्हणाल्या.

दिग्दर्शकानं डोकं खाजवलं. पेटीकडे पाहिलं, नटीकडे पाहिलं, सांडलेल्या सूपकडे पाहिलं. "रडणं स्पीकरवरून सोडता येईल," तो स्वतःशीच पुटपुटला.

"स्पीकरवरून चालेल. ह्याला रडवायचं नाही," ती म्हणाली. "आणि आधी पोटभर पाजल्याशिवाय मी मरणार नाही."

"बरं बाई, पाजून मर. पण वेळेवर मर."

तिनं मान डोलावली आणि बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.